घरबसल्या पिठाची गिरणी

जानेवारीतली रात्र, पावणेबाराचा सुमार. आमची सात वर्षांची कन्या डोळे चोळत हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, डास आहे. खूप मोठा आहे." मी हेडफोन काढले. होता. ईंऽऽऽ असा, बारीक, कानाच्या आतून टाचणी फिरवल्यासारखा. बायको रॅकेट घेऊन आली. आम्ही नदीजवळ राहतो, त्यामुळे डास म्हटलं की जलपर्णीला चार शिव्या घालून कामाला लागायचं, अशी घरची पद्धत आहे. पंधरा मिनिटं तिघांनी पडदे झटकले, सोफा सरकवला. मग मी गेम बंद केला आणि डास मेला. गेम सुरू केला, डास जिवंत.

डास अकरा हजार आठशे रुपयांचा होता, जीएसटीसकट. ८५० वॉट, मॉड्युलर (म्हणजे केबल काढता-घालता येणारा), गोल्ड. दिवाळीत घेतला तेव्हापासून तो ओरडतच असणार, पण तेव्हा डोक्यावर सीलिंग फॅन गरगरत होता. थंडी पडली, फॅन बंद झाला आणि आमचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बोलता झाला.

तर मंडळी, गेमिंग पीसी घेणाऱ्या प्रत्येकाला हे सुख मिळावं, या सदिच्छेने अनुभवाचे चार बोल सांगतो. नीट पाळलेत तर पिठाच्या गिरणीची कमतरता भासणार नाही. फक्त पीठ मिळणार नाही.

नियम पहिला. एसएमपीएस घेताना वॉट विचारा, फक्त वॉट. दुकानदार म्हणेल, "सर, ८५० घ्या, फ्युचर प्रूफ." मान डोलवा. माझं ४०७० ग्राफिक्स कार्ड २०० वॉटचं, प्रोसेसर गेममध्ये शंभराच्या आत, बाकी पंखे-बिंखे धरून सगळा संसार सव्वातीनशे वॉटच्या आसपास. कार्ड बनवणारी कंपनीच ६५० पुरे म्हणते. पण आपल्याकडे लग्नात जेवण उरलंच पाहिजे ना! खरं तर थोडा मोठा एसएमपीएस घेणं हा गुन्हा नाही. त्यात कमी लोडला पंखा बंद ठेवायची सोय असेल तर तो निम्मा वेळ गप्प राहतो. पण ते तशी सोय असेल तर. ती आहे का, हे विचारायचं नाही. विचारलं तर दुकानातला पोरगा तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही वडापावच्या गाडीवर कॅलरी विचारल्यात.

नियम दुसरा. 'गोल्ड' दिसलं की डोळे मिटून घ्या, गुरुपुष्यामृत असेल तर अधिक उत्तम. ८० प्लस नावाचा हा शिक्का २००४ पासून चालत आला आहे आणि तो सांगतो एवढंच, की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पुढे पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. अर्ध्या लोडवर गोल्डचे ९० टक्के, ब्राँझचे ८५, तेही ११५ व्होल्टला. आपल्या २३० ला थोडं बरं. म्हणजे यंत्र तीनशे वॉट खात असेल तर गोल्डच्या पोटात साधारण ३३ वॉट जळतात, ब्राँझच्या ५३. वीस वॉट कमी तापला की पंखा थोडा कमी पळेल, इतकाच गोल्डचा आणि शांततेचा संबंध. आत पंखा कसला बसवलाय, तो कधी आणि किती वेगाने फिरेल, आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, ओरडेल का, यावर तो शिक्का अवाक्षर काढत नाही. आवाज मोजून शिक्का देणारे लोक आहेत. सायप्रसमध्ये सायबेनेटिक्स नावाची संस्था आहे, तिचा लॅम्डा दर्जा असतो. ए प्लस प्लस म्हणजे १५ डेसिबलच्याही खाली. पण तुम्ही तिकडे जाऊ नका. माहिती वाचली की खरेदीतली गंमत जाते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस नक्की लावा. फुकटातलं सोडू नये.

कॅबिनेट घेताना काच बघा. पुढे काच, बाजूला काच, जमलं तर वरही काच. आत सहा पंखे, सहाही रंगीत, सहाही एकाच पट्टीवर जोडलेले आणि वेग कमी-जास्त करायची सोय नसलेले. पुढच्या काचेमागून पंख्यांनी हवा ओढायची कुठून? बाजूच्या बोटभर फटीतून. नाक दाबून पळायला सांगितलेल्या माणसासारखे ते धापा टाकतात, त्यालाच पेटीवर 'पॉवरफुल एअरफ्लो' म्हणतात. आता थोडा हिशेब. एकासारखा दुसरा पंखा लावला की आवाज ३ डेसिबलने वाढतो, सहा लावले की जवळपास ८ ने. पण पंख्याचा वेग अर्धा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि हवा फक्त निम्मी होते. म्हणजे एका पळणाऱ्या पंख्याऐवजी दोन रमतगमत फिरणारे लावले तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. दहाने कमी झाला की कानाला निम्मा वाटतो. १४० मिलिमीटरचे पंखे, पुढे जाळी, सावकाश वेग. एवढंच आहे हे शास्त्र. पण जाळीतून रंग कुठे दिसतात हो? ते ऑस्ट्रियातले नॉक्टुआवाले कित्येक वर्षं बिस्किटी आणि तपकिरी पंखे विकताहेत, शांत म्हणून जगभर नाव आहे. आमच्या भाच्याने ते बघितले आणि म्हणाला, "मामा, हे सरकारी ऑफिससारखे दिसतात." विषय संपला.

यूपीएस सगळ्यात स्वस्त घ्या. वीज गेली की एसएमपीएस गुणगुणायला लागेल, तेवढंच संगीत.

प्रोसेसर थंड ठेवायला पाणी लावा, पाणी! आजकाल पाण्याशिवाय पीसी म्हणजे कारंज्याशिवाय मंगल कार्यालय. पंपाची घुरघुर आली, रेडिएटरवर तीन पंखे आले आणि पंप सगळ्यात उंचावर बसवलात तर आतली हवा त्यात जाऊन अडकते व रात्रभर माठात पाणी ओतल्याची गुळगुळ ऐकू येते. नाशिकच्या मित्राने असंच बसवलं. त्याच्या आईने दोनदा उठून स्वयंपाकघरातला नळ तपासला. दोन पंख्यांचा साधा टॉवर कूलर त्याच्या प्रोसेसरला पुरला असता, पण तो काचेतून 'भरीव' दिसत नाही म्हणे.

कूलर निवडताना परदेशातल्या चाचण्या बघा आणि जशाच्या तशा मनावर घ्या. त्यांच्या खोलीत २२ डिग्री असतं. कुठलाही हवेचा किंवा पाण्याचा कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही, तो खोलीच्या वर किती हे ठरवतो. एप्रिलमध्ये आमच्या हॉलमध्ये दुपारी ३४ असतं, म्हणजे तिथला ७० इथे ८२, आणि ८२ ला पंखा काय करतो ते शेजाऱ्यांना विचारा. अकोला-चंद्रपूरवाल्यांना मी सल्ला देत नाही, नुसता नमस्कार करतो.

आणि हो, कॅबिनेट ठेवा कम्प्युटर टेबलाच्या त्या खास खणात. मागे प्लायवूड, डावीउजवीकडे प्लायवूड, पुढे दार. तंदूर याच तत्त्वावर चालतो.

आता नियम कितवा ते विसरलो. वॉरंटीचा घ्या.

एसएमपीएसमधून ईं असा आवाज आला तर त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. आतल्या कॉइलमधून वीज झटक्याझटक्याने जाते, तार थरथरते, थरथर कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत पडली की डास. कार्ड जितक्या जास्त फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, ओकेल तितका तो वरच्या सुरात जातो. गेमच्या नुसत्या मेन्यूत, जिथे काहीही घडत नसतं, तिथे कार्ड सेकंदाला पाचशे-सहाशे फ्रेम काढत बसतं आणि घरात सनई वाजते. आवाज कार्डाचाही असू शकतो, म्हणून मी आधी शहानिशा केली. पोळ्यांच्या फॉइलची रिकामी नळी कानाला लावून, डॉक्टरसारखा, एकेक भाग ऐकला. मित्राचा जुना एसएमपीएस आणून लावला, डास गायब. आपला परत लावला, डास हजर. फ्रेमला १४४ ची मर्यादा घातली. कमी झाला, गेला नाही. मगच दुकानात गेलो.

दुकानदार: "सर, नॉर्मल आहे." मी म्हटलं, मुलगी उठते. "सर, हेडफोन लावा." मुलीला?

मग कंपनीची हेल्पलाइन. तक्रार नोंदवा. व्हिडिओ पाठवा. पाठवला. व्हिडिओत आवाज नीट येत नाही. नळी लावून पाठवला. सीरियल नंबरचा फोटो पाठवा. बिलाचा पाठवा. पेटीचा पाठवा. पेटी आहे ना? मूळ पेटी? मूळ पेटी माळ्यावर होती, कारण मी मध्यमवर्गीय आहे आणि आमच्याकडे टीव्हीची २००९ सालची पेटीसुद्धा आहे. सगळ्या केबल आणा, न वापरलेल्याही. सर्व्हिस सेंटर अकरा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी दीड तास, शनिवारी अर्धा दिवस, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने रजा टाकायची. टाकली. काचेमागच्या माणसाने डबा उचलून हलवला. खरंच हलवला, नारळ हलवतात तसा. आणि पावती फाडली.

एकोणीस दिवस. एकोणीस दिवस घरात पीसी नाही. विसाव्या दिवशी डबा परत, त्यावर चिठ्ठी: तपासले, दोष आढळला नाही.

मी विचारलं, तपासताना लोड किती दिला होता? "सर, पंखा फिरतोय." अहो, पंख्याची तक्रार नाहीये, आवाजाची आहे. "सर, इथे आवाज आला नाही." इथे! त्या खोलीत डोक्यावर एक्झॉस्ट घरघरत होता, शेजारी दोन प्रिंटर चालू होते, बाहेर मेट्रोचं काम. तिथे ढोलपथक वाजलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. आणि मग ते अमर वाक्य: "कॉइलचा आवाज वॉरंटीत येत नाही सर, ते परफॉर्मन्समध्ये मोडत नाही." मग दहा वर्षांची वॉरंटी कशाची देता? हेच वाक्य दहा वर्षं ऐकवायची?

बास. उपरोध आता जमत नाही मला.

अरे, एसीच्या माहितीपत्रकात डेसिबल छापलेले असतात. काही फ्रिजच्याही असतात. दोन-अडीच हजारांचा मिक्सर घेताना आपण दुकानात लावून बघतो, जरा घरघर जास्त वाटली तर दुसरा दाखवा म्हणतो. आणि लाख-दीड लाखाचं यंत्र, जे रोज रात्री आपल्या पायाशी चार तास चालणार, ते आपण बंद पेटीत, दिव्यांचे रंग बघून घेतो? विकणाऱ्यांना लाज नाही हे मान्य. आतला पंखा कोणत्या बेअरिंगचा, किती लोडला किती फिरतो, हे एक ओळीत छापता येतं. बरेच जण छापत नाहीत, कारण कुणी विचारत नाही. 'नॉर्मल आहे' म्हणून वाटेला लावता येतं, कारण आपण वाटेला लागतो. मी नाही का लागलो? रजा वाया गेली म्हणून चिठ्ठीवर सही करून डबा उचलला आणि घरी आलो, मुकाट.

आणि तुम्ही. पंखे ओरडतात म्हणून कूलर बदलायला निघालेले तुम्ही. पुढची जाळी शेवटची कधी धुतलीत? शेजारी रिडेव्हलपमेंट चालू आहे, सिमेंटची धूळ घरात येते, तुम्ही रोज फरशी पुसता, आणि त्या जाळीवर गोधडी साचली आहे. दिवाळीच्या आधी एकदा झटकतो म्हणता. त्या गोधडीतून हवा कशी जाणार? नवा कूलर काय करणार तिथे? पंखे क्षणाक्षणाला वरखाली होतात, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्यांचा वेग जरा उशिरा आणि सावकाश वाढेल असं करायला दहा मिनिटं लागतात. कार्डाची वीज ८० टक्क्यांवर आणली तर फ्रेम किंचित उतरतात आणि पंखा बराच शांत होतो, त्याला पाच मिनिटं. फुकट आहे हे सगळं. पण फुकटात मजा नाही, नाही का? नवी पेटी फोडली तरच काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मी शेवटी दुसरा एसएमपीएस घेतला, ७५० चा, आधी लॅम्डा बघून. पहिला माळ्यावर आहे, मूळ पेटीत, सगळ्या केबलसकट. भाचा मागत होता. दिला नाही. त्याच्या खोलीशेजारी त्याची आजी झोपते.