ज्याने जास्त खर्च केला, तोच चॅम्पियन? मुळीच नाही

हंगाम संपला की फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवर्षी बदलतात, मुद्दे तेच असतात. लीग मैदानावर नव्हे, ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात, जिंकली जाते. सर्वाधिक पैसा ओतणारा क्लब चॅम्पियन होणार. स्टार खेळाडू गेला की संघ संपला. प्री-सीझनमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, खरा फॉर्म कळतो. आणि गेल्या वर्षीचा गुणतक्ता थोडा खालीवर केला की यंदाचा तयार. ऑगस्ट उजाडायच्या आत इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या वीसही क्लबांचे क्रमांक ठरलेले असतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्यावर विसंबलेला चाहता सप्टेंबरातच प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरडू लागतो आणि विशीतल्या पोरांना 'फुकट गेलेले पैसे' ठरवतो.

आधी पैशाचा मुद्दा, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २०२४च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक युर्गन क्लॉप गेला आणि फेयेनूर्दहून आर्ने स्लॉट लिव्हरपूलला आला. क्लबला बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर हवा होता. रेआल सोसिएदादच्या मार्टिन सुबिमेंदीवर नजर होती, त्याने नकार दिला. गोलरक्षक मामार्दाश्विलीचा व्यवहार झाला, पण तो वर्षभरानंतर यायचा होता. म्हणजे त्या हंगामासाठी नवा आला तो एकटा फेदेरिको किएझा, साधारण एक कोटी पाउंडांत, आणि तोही लीगमध्ये फारसा खेळला नाही. चाहते हवालदिल झाले होते. त्याच संघाने २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमचा ५-१ असा धुव्वा उडवून, चार सामने हातात असताना लीग जिंकली.

हे कसं घडलं ते रायन ग्राव्हेनबर्ककडे पाहिलं की समजतं. तो वर्षभर आधीच क्लबमध्ये आलेला होता. क्लॉपने त्याला जास्त करून पुढे वापरलं, कित्येकदा बाकावरही बसवलं. स्लॉटने सुबिमेंदीसाठी मोकळी असलेली जागा त्याला दिली. सेंटर-बॅककडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, पास येतोय, प्रतिस्पर्धी पाठीमागून अंगावर धावून येतोय, अशा वेळी ग्राव्हेनबर्क चेंडू थांबवत बसायचा नाही. तो चेंडू शरीरापलीकडे वाहू द्यायचा, त्याच गतीत वळायचा, आणि धावून आलेला माणूस मागे राहून समोर मोकळं मैदान असायचं. हंगामाअखेर प्रीमियर लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच ठरला. हा बदल ट्रान्सफरच्या कोणत्याही यादीत दिसला नसता.

पुढच्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने ४० कोटी पाउंडांहून जास्त खर्च केला. विर्ट्झ, एकिटिके, फ्रिम्पाँग, केर्केझ आले, आणि शेवटच्या दिवशी साडेबारा कोटींचा अलेक्झांडर इसाक. मजकूरवाल्यांनी विजेतेपद तेव्हाच देऊन टाकलं. लीगमधले पहिले पाच सामने जिंकले, नंतरच्या सातांपैकी सहा हरले. इसाक आपल्या आधीच्या क्लबशी, न्यूकॅसलशी, वाद घालत प्री-सीझनला मुकला होता, दोन्ही फुल-बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूंच्या, जागांवर नवी माणसं होती, आणि जुलैत संघातला दियोगो जोटा अपघातात गेला होता. ड्रेसिंग रूममधल्या त्या दुःखाचा हिशेब कुठल्या आकड्यात मांडणार?

चेल्सीचं उदाहरण तर याहून ढळढळीत. २०२२-२३मध्ये उन्हाळी आणि जानेवारीच्या विंडोत मिळून ५० कोटी पाउंडांहून जास्त खर्च, एकट्या एन्झो फर्नांडिससाठी दहा कोटींच्या वर. प्रशिक्षक टुखेल गेला, पॉटर आला आणि गेला, लॅम्पार्ड परत आला. क्रमांक बारावा, गुण ४४.

पैसा निरर्थक आहे असं माझं म्हणणं नाही. वर्षानुवर्षांचा हिशेब लावला तर खेळाडूंच्या पगाराचं एकूण बिल आणि गुणतक्त्यातली जागा यांचा संबंध घट्ट दिसतो. पण पगाराचं बिल हे जुन्या-नव्या सगळ्या खेळाडूंचं असतं. बातमीतली ट्रान्सफर फी ही वेगळी गोष्ट. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर क्लबच्या हिशेबात दरवर्षी दोन कोटी पडतात. उलट अकादमीत घडलेला मुलगा विकला तर जवळजवळ सगळी रक्कम त्याच वर्षीचा नफा. त्यामुळे 'अमक्याने इतके उधळले' या आकड्यावरून क्लबची ताकदच काय, त्याची आर्थिक स्थितीसुद्धा कळत नाही.

आता स्टार खेळाडूंबद्दल. २०२२मध्ये इटलीच्या नापोलीतून कुलिबाली, इन्सिन्ये, मर्टेन्स आणि फाबियान रुइस एकाच उन्हाळ्यात गेले. चाहते संतापले, आणि त्यांचा संताप मला समजतो. इन्सिन्ये तर त्यांच्याच शहरातला. बदल्यात जॉर्जियातल्या बातुमीहून क्वारात्सखेलिया आला, तुर्कस्तानातून किम मिन-जे. प्रशिक्षक स्पालेत्तीच्या या संघाने ३३ वर्षांनी इटलीची लीग, सेरी आ, जिंकली, तीही १६ गुणांच्या फरकाने. पॅरिस सँ-जर्मेंचंही तसंच. मेस्सी, नेमार, एम्बापे एकत्र असताना युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, हाती लागली नाही. २०२४मध्ये एम्बापे क्लबला एक युरोही न मिळता रेआल माद्रिदला गेला आणि त्याच हंगामात पॅरिसने या स्पर्धेच्या म्युनिकमधल्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० हरवलं. एम्बापे माद्रिदमध्ये फसला असंही नाही. ३१ गोल करून तो स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. लीग मात्र बार्सिलोनाने जिंकली, आणि त्यांची त्या उन्हाळ्यातली मोठी खरेदी एकच होती, दानी ओल्मो.

प्री-सीझनवर फार शब्द खर्च करायला नकोत. जुलै २०२२मध्ये बँकॉकला मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० हरवलं. ऑगस्टात तेच युनायटेड ब्रेंटफर्डकडून ०-४ हरलं, चारही गोल पहिल्या ३५ मिनिटांत. जुलैतले सामने पाय मोकळे करायला असतात, दोन्हीकडून घाऊक बदल होतात.

राहिला गेल्या वर्षीचा तक्ता. नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२३-२४मध्ये सतरावं होतं, पुढच्या वर्षी सातवं. टॉटनहॅम पाचव्यावरून थेट सतराव्यावर घसरलं आणि त्याच हंगामात युरोपातली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा, युरोपा लीग, जिंकलं. लागोपाठ दोन वर्षं खालच्या श्रेणीतून बढती मिळालेले तिन्ही संघ परत खाली गेले, म्हणून २०२५मध्येही तिघांची गच्छंती जाहीर झाली होती. नोव्हेंबरात त्यांच्यातलं संडरलँड पहिल्या चारांत होतं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो प्रशिक्षक आन्तोनियो कोन्तेचा प्रवास. २०१५-१६मध्ये चेल्सी दहावं आलं. कोन्तेच्या हाती तो संघ आला तेव्हा युरोपियन स्पर्धा नव्हत्या, म्हणजे बहुतेक आठवडे सलग सरावाला मोकळे. सप्टेंबरात आर्सेनलकडून ०-३ मार खाल्ल्यावर त्याने तीन सेंटर-बॅकची रचना आणली, आणि संघाने लीगमधले सलग १३ सामने जिंकले. विजेतेपद चेल्सीचं. नापोली २०२३-२४मध्ये दहावं आलं, युरोपबाहेर राहिलं, कोन्ते आला, आणि इंटरला एका गुणाने मागे टाकून इटलीची लीग जिंकली. दोन्ही वेळा त्याला चांगले खेळाडू घेऊन दिले होते: तिकडे कांते, इकडे मॅकटॉमिने आणि लुकाकू. ते नाकारत नाही. पण इतर बलाढ्य संघ बुधवारी रात्री खेळून, विमानाने परतून शनिवारी पुन्हा उतरत होते, तेव्हा कोन्तेचे खेळाडू सरावात तीच चाल पुन्हा पुन्हा घोटत होते. नव्या हंगामाचा अंदाज बांधायला कुणी मला सांगितलं, तर मी आधी हे विचारेन: कोणाला युरोपात खेळायचं नाही, कोणाचा प्रशिक्षक टिकलाय, आणि जुन्या अकरापैकी किती जण जागेवर आहेत.