राजाला कशाला त्रास? नाणी घरीच पाडा

गल्ल्यात सुट्टे नाहीत म्हणून कपाळाला हात लावू नका. 1787 सालच्या इंग्लंडात धंदा टाका. तिथे तिसऱ्या जॉर्जच्या टांकसाळीने 1775 नंतर तांब्याचा अर्धा पेनी पाडलेलाच नाही. मोठ्या लोकांचा व्यवहार सोन्यात चालतो. आठवड्याचा पगार ज्यांना चिल्लरीत लागतो, त्यांनी जरा दम धरावा.

तुम्ही थॉमस विल्यम्सचा कित्ता गिरवा. वेल्सच्या अँगल्सी बेटावर त्याच्या कंपनीची तांब्याची खाण, म्हणजे माल घरचाच. त्याने दाढीवाल्या ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन ब्रिटनच्या पुरोहिताचं, डोकं उमटवून पेनी पाडली आणि कडेवर कोरलं की, मागाल तेव्हा पैसे लंडन, लिव्हरपूल किंवा अँगल्सीला मिळतील. दोन पेन्या मोडायला लंडन गाठणारा खाणकामगार कुणी पाहिलाय? एकच गोष्ट त्याची घेऊ नका: वजन. पेनीमागे चक्क औंसभर तांबं, राजाच्या नाण्यापेक्षाही जास्त! तुम्ही आपलं पातळच पाडा.

चेहरा कुणाचा, म्हणता? आपलाच की! जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्याने राजाच्या जागी स्वतःचं डोकं बसवलं, भोवती स्वतःचं नाव. (पुढे त्याला लोखंडाच्याच शवपेटीत पुरलं. हौसेला मोल नसतं.) चेहरा बेताचाच असेल तर कॉव्हेन्ट्रीचा 1792 चा अर्धा पेनी बघा: घोड्यावर विवस्त्र लेडी गोडायव्हा. असलं नाणं शौकीन लोक डबीत जपून ठेवतात, मोडायला आणत नाहीत. आणि जे परत आलं नाही, तो निव्वळ नफा.

सरकार जागं होईल ही धास्ती तर सोडाच. बर्मिंगहॅमजवळ सोहोला मॅथ्यू बोल्टनची वाफेवरची टांकसाळ धडधडत होती. 1791 चे मुंबईचे पैसे तिथेच पडले. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारखूण, दुसऱ्या बाजूला तराजू. ते जहाजात बसून आपल्याकडे आले. बर्मिंगहॅमच्या भाजीवालीला राजाची नवी पेनी दिसली 1797 मध्ये. तीही औंसभराची, लोक तिला गाडीचं चाक म्हणायचे. पुढे तांबं महागलं आणि चाकं मुशीत गेली. 1811 पासून तुमच्यासारख्यांची पुन्हा दिवाळी.

1817 मध्ये पार्लमेंट असल्या घरगुती नाण्यांवर बंदीचा कायदा करील. घाबरू नका. दाराला कुलूप लावा आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा, थैल्या घेऊन कामगार आले तर म्हणावं, मालक लंडनला गेलेत, पैसे तिथेच मिळतात.