एचआयव्हीपासून सोसायटी सुरक्षित ठेवण्याचे अनुभवसिद्ध उपाय

हा आजार कोणाला होतो, हे आपण सर्वप्रथम पक्के ठरवून टाकावे. म्हणजे पुढची सगळी कामे सोपी होतात. तो कामाठीपुऱ्यात, महामार्गावरच्या ट्रकमध्ये, फार तर बांधकामाच्या साइटवर राहतो. पार्ल्याच्या किंवा मुलुंडच्या टू बीएचकेत शिरायचे म्हटले, तर वॉचमन वहीत नाव लिहून घेतल्याखेरीज त्याला लिफ्टपर्यंतही जाऊ देणार नाही. भारतात १९८६ साली या विषाणूची पहिली लागण चेन्नईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळली, एवढेच आपण जन्मभर लक्षात ठेवावे; त्यांच्याकडे येणारे पुरुष रात्री कोणत्या घरी परतत होते, या चौकशीत पडू नये. नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या एखाद्या सुनेला गरोदरपणाच्या तपासणीत लागण असल्याचे कळले, तर दोष तिच्या पायगुणाला द्यावा. घरातली सगळी मंडळी त्यावर ताबडतोब एकमत होतात, असा अनुभव आहे.

भीती बाळगायचीच असेल, तर ती निरुपद्रवी ठिकाणी बाळगावी. डासाच्या शरीरात हा विषाणू टिकत नाही आणि एका ताटात जेवल्याने किंवा एक संडास वापरल्याने तो कोणाला होत नाही, हे डॉक्टर इतकी वर्षे सांगत आले आहेत; तरी घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवणे चालूच ठेवावे. त्याने विषाणू अडत नसला, तरी आपण काळजी घेतल्याचे समाधान मिळते, आणि खऱ्या काळजीसाठी मग मनात जागा उरत नाही. निरोधची खरेदी हा त्या खऱ्या काळजीचाच भाग असल्यामुळे ती शक्यतो टाळावी. टाळता आलीच नाही, तर औषधांच्या दुकानात आधी क्रोसिन मागावे, मग खोकल्याचे औषध, आणि तेवढ्यात शेजारचे काका काउंटरशी आले, तर खोकल्याच्या औषधावरच थांबून घरी यावे. मुलांना यातले काही सांगायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. आपल्या राज्याने २००७ साली शाळांमधून लैंगिक शिक्षणाला बंदी घालून या बाबतीत आपल्यासमोर आदर्शच ठेवला होता.

चाचणीचे काय, असे कोणी विचारील. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत होते, आधी समुपदेशन होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. तरीही बोरिवलीच्या सभ्य गृहस्थाने त्यासाठी कुर्ल्यालाच जावे, तेथे पोचल्यावर चाचणी केंद्राच्या दाराशी उभे न राहता शेजारच्या एक्स-रेच्या रांगेत थांबावे, आणि ओळखीचे कोणी दिसताच खरोखरच छातीचा एक्स-रे काढून परतावे. (रेल्वेला तेवढेच दोन तिकिटांचे उत्पन्न.) धोक्याचा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत औषध सुरू केले, तर लागण टाळता येऊ शकते, पण ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाचा सर्वांगीण विचार तेवढ्या अवधीत होत नाही, म्हणून घाई करू नये. लग्न जमवताना छत्तीसपैकी किती गुण जुळतात, मंगळ आहे का, फ्लॅटला पार्किंग आहे का, हे सर्व विचारावे. दोघांनी मिळून रक्त तपासून घेण्याचा विषय कोणी काढलाच, तर तो घराण्याचा अपमान समजावा.

कायद्याचा त्रास थोडा आहे. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटले आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने भाड्याचे घर नाकारण्यासही मनाई केली आहे. म्हणून नकार देताना कमिटीने कारण तेवढे दुसरे लिहावे. आपल्याकडे त्याची टंचाई नाही.

सर्वांत मोठी अडचण औषधांची आहे. ती सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. नियमित घेतल्यास रक्तातला विषाणू इतका खाली जातो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. हे लोकांना पटले, तर भीतीच जाईल, आणि मग तपासणीला रांगा लागतील. सुदैवाने उपाय आपल्या हाती आहे. गणपतीला सगळे गावी जातात, एका खोलीत दहा माणसे झोपतात, आणि त्यांतला एखादा भाचा लेबल खरवडलेली बाटली बॅगेच्या तळाशी लपवून रात्री सगळे झोपण्याची वाट पाहत असतो. औषधात खंड पडला, की विषाणू पुन्हा वाढतो, आणि पुढे त्याच गोळ्यांना दाद देईनासाही होऊ शकतो. तेव्हा त्याने बॅगेत हात घातलेला दिसताच मामांनी अंथरुणातून उठून बसावे, दिवा लावावा आणि माजघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, “काय रे, कसल्या गोळ्या खातोस रोज?”