कुत्र्यांसाठीच्या ‘पौष्टिक लाडवां’बद्दल खुलासा

गव्हाचं पीठ, गूळ, तूप आणि मूठभर मनुका घालून कुत्र्यासाठी ‘शक्तीचे लाडू’ करा, सगळं घरचंच आहे, अपाय होणार नाही, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. त्यांतलं टार्टारिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं, असा पशुवैद्यकांचा अंदाज 2021 मध्ये पुढे आला. हेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंचही नकोच. भाजल्याने किंवा शिजवल्याने धोका जात नाही. किती मनुका चालतील याचं खात्रीचं प्रमाणही नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचते, दुसऱ्याला थोडक्यातच बाधते.

असा लाडू आधीच खाल्ला असेल तर उलटी व्हायची वाट पाहत बसू नका, लगेच पशुवैद्याला फोन करा. घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवू नका, त्याने आणखी बिघडतं.

खाऊ घरी जरूर करा. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं. मीठ, साखर, गूळ काही नको. छोट्या चपट्या टिकल्या थापून मंद आचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरड्या होईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावर, एकदोनच द्या. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं पीनट बटर मात्र यात कधीच घालू नका.