खेळ ठरवणाऱ्या चौघी

मुलीला मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही, असं घरी फोनवर सांगितलं की दोन पक्ष पडतात. आत्या म्हणते, पोरांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये, आज कट्टी तर उद्या बट्टी. भाऊ म्हणतो, शाळेला जाब विचार, लेखी तक्रार दे. पण शेवटी दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी येते: तिचंच काही चुकतंय का? फार बुजते का?

मी राहते त्या नॉर्वेत भावाचा पक्ष केव्हाच जिंकलाय. १९८२ साली इथल्या तीन मुलग्यांनी आत्महत्या केल्या; सोबत्यांचा छळ हे कारण असावं असं पुढे आलं आणि १९८३ मध्ये शाळाशाळांतून मोहीम सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांचा शाळांसाठीचा छळविरोधी कार्यक्रम त्याच काळातला. २०१७ पासून कायदा आणखी कडक झाला: मुलाला शाळेत सुरक्षित वाटत नसेल तर शाळेने चौकशी करून लेखी आराखडा करायचाच. आणि तसं वाटतं की नाही, हे मूलच सांगणार. मला हे फार पटतं.

पण कायदा राबवणाऱ्यांना ढकलाढकली दिसते, शिवी ऐकू येते. मुलीच्या वर्गात खेळ ठरवतात त्या चौघी म्हणतात, ‘आमची टीम पूर्ण झाली’; यात पकडणार काय? ती आली की खेळ संपतो, ती वळली की पुन्हा सुरू. लपाछपीत राज्य कायम तिच्यावर. व्हरांड्यात उभ्या बाईंना यातलं काहीच गैर दिसत नाही.

कंपू नवा असला की ‘आपण कोण’ हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे कोण आपल्यातलं नाही हे ठरवणं. त्याला निमित्त काहीही चालतं: उच्चार, बूट, पहिला नंबर. बाकीच्या पोरी गप्प बसतात, कारण बोललं तर पुढचा नंबर आपला. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली यांनी या गप्प बसणाऱ्यांवरच बोट ठेवलं. तिथल्या शाळांतला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम त्यांनाच बोलतं करू पाहतो.

आत्याचं थोडं खरं आहे. काही मुलं चालू खेळात धाडकन घुसतात आणि तो मोडतात. आधी बघावं, मग त्याच खेळात मिसळावं, हे शिकवता येतं. पण ‘एवढं काय त्यात?’ हे मात्र मान्य नाही. चेंडू टाकायच्या एका संगणकी खेळात, आपल्याला वगळणारा निव्वळ संगणक आहे हे माहीत असूनही मोठ्या माणसांना वाईट वाटलं, असं प्रयोगात दिसलंय. इथे तर रोज शेजारी बसणाऱ्या पोरी आहेत.

आमच्या शाळेचा आराखडा आला. त्यात मुलीसाठी आत्मविश्वास वाढवायचे तास होते. गट कोण पाडणार, जोड्या कोण लावणार, यावर अक्षर नाही. खेळ ठरवणाऱ्या चौघींबद्दल तर एक ओळही नव्हती. मी सही न करता तो परत पाठवला.