आबांचा एक तांब्या

मृद व जलसंधारण अभियांत्रिकीत एमटेक करणाऱ्या माणसाच्या नशिबी लोखंडी रिंगा असतात. आतली ३० सेंटिमीटर व्यासाची, बाहेरची ६०. दोन्ही घणाने जमिनीत ठोकायच्या, पाणी भरायचं आणि आतलं पाणी किती वेगाने जिरतं ते पट्टीवर बघत बसायचं. बाहेरच्या रिंगेतलं पाणी आतल्याला आडवं पसरू देत नाही, एवढंच त्याचं काम. काळ्या जमिनीत सुरुवातीला भेगांतून पाणी गटागट जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वेग तासाला काही मिलिमीटरवर येऊन रेंगाळतो. तो स्थिर होईपर्यंत आपण उन्हात.

परवा असाच तो स्थिर होत आला होता आणि आबा आले.

"मॅडम, पंचनामा का?"

शेतात वही घेऊन बसलेली बाई पंचनाम्यालाच आलेली असते.

"नाही आबा, मी शिकतेय अजून."

"म्हंजे अनुदान न्हाई?"

"नाही."

तिथून पुढे मी मॅडमची पोरी झाले.

"मग ह्ये काय करतीस, पोरी?"

"पाणी किती वेगानं जिरतं ते मोजते."

आबा बांधावर टेकले. रिंगेत डोकावले. "जिरतंय की."

"हो, पण किती वेगानं..."

"जिरतंय ना? मग झालं."

तंबाखू मळता मळता त्यांनी माझं शिक्षण काढून घेतलं. बीटेकची चार वर्षं, वर एमटेकची दोन. "सहा वर्सं!" आबा हळहळले. "आन् ह्ये सरकार इतकी वर्सं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' करतंय, त्ये कुठं किती जिरतंय ह्ये न बघताच?"

माझ्या सिनॉप्सिसची प्रस्तावना याहून वेगळं काही सांगत नाही, फक्त संदर्भांसकट सांगते. कमिटीसमोर तेच बोलताना मला घाम फुटला होता. आबांच्या तोंडून ते इतकं सहज आलं याचाही मला रागच आला.

कॅन रिकामा झाला होता. मी विहिरीवर जाऊन भरून आणला. येऊन बघते तर आतल्या रिंगेतलं पाणी दीड सेंटिमीटर वर.

"लई खाली गेलं व्हतं," आबा म्हणाले. "म्या तांब्या ओतला. तू हितं न्हाईस, सगळं आटून गेलं असतं."

काय बोलणार? माणूस स्वतःच्या पिण्यातलं पाणी देऊन मोकळा झालेला. पाणी जिरण्याचा वेग सांगणारं कोस्त्याकोव्हचं समीकरण १९३२चं, हॉर्टनचं १९४०चं, फिलिपचं १९५७चं. तिन्हींत मला माझी रीडिंग बसवायची आहेत आणि तिघांपैकी एकानेही तांब्याची सोय केलेली नाही. हिशेबाने त्या वेळी माझी जमीन पाणी पीत नव्हती, ओकत होती.

हे मी वैतागून मोठ्याने बोलले, ती मात्र गंमत झाली नाही. शेजारच्या वावरातले तात्या धावत आले. "पाणी वर आलं? कुठं?"

"पाणी नाही आलं हो, रीडिंग..."

"आबा, आलं का न्हाई?"

"वर हाय खरं," आबा म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

संध्याकाळपर्यंत पाणाड्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी तो तळहातावर नारळ घेऊन वावरभर फिरला आणि नारळ नेमका माझ्या रिंगांपाशी उभा राहिला. जमीन तिथेच तेवढी ओली होती, त्याचं काही नाही. त्याला चहा, जेवण आणि रोख पैसे मिळाले. मला सहा वर्षांत शेतावर चहा मिळाला तो बहुतेक वेळा पंचनाम्याच्या गैरसमजातून. सिव्हिलवाले आम्हाला शेतीवाले म्हणतात, बीएस्सी ॲग्रीवाले ट्रॅक्टरवाले म्हणतात. समतल चर खणले की लांबी, रुंदी, खोली मोजून बिल निघतं. त्यातलं पाणी किती मुरलं याचा रकाना मोजमाप वहीत मला तरी अजून दिसलेला नाही. असता तर निदान कुणीतरी मला 'मॅडम' म्हणत राहिलं असतं.

गाईड म्हणाले, रीडिंग काढून टाका, माती पहिल्याइतकी वाळली की त्याच जागी पुन्हा घ्या. त्या जागी आता चुन्याची फुली आहे, आणि बोअरची गाडी सोमवारी येते आहे.