‘पोरांच्या बापांना शेत विकायला लावू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही सडेतोड लिहिलंत, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रकरण थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करताना काय अनुभव आला, ते मी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं की चार वर्षांच्या बीईत शिकले नाही तितकं तिथल्या पहिल्या सेमिस्टरला शिकले. खान्देशातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवणाऱ्या या सरांना ते वाक्य लागलं. त्यांचं म्हणणं असं: तेच अल्गोरिदम, तीच ऑपरेटिंग सिस्टिम आम्हीही शिकवतो. लेक्चरं तर नेटवर फुकट पडली आहेत. तुमच्या त्या जर्मन प्रोफेसरला आमच्या सत्तर पोरांच्या वर्गात उभं करा, मग बघू. आमच्या अमळनेरातून विप्रो निघाली, ती काय जर्मनीला जाऊन? आणि शेवटी, पोरांच्या बापांना शेत विकायला लावू नका.

विप्रोचं आधी उरकते, कारण आपल्याकडे प्रत्येक गॅदरिंगला कुणीतरी पाहुणा हे सांगतोच. १९४५ साली अमळनेरला ती वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली. कॉम्प्युटर तिच्याकडे आले ते १९८० च्या आसपास. मधे १९६६ मध्ये वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी कंपनी सांभाळायला परत आले, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडून. तेव्हा हे उदाहरण तुमच्या बाजूचं की माझ्या, तुम्हीच ठरवा.

लेक्चरांबद्दल आपलं भांडणच नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले कोर्स खुले करायचं २००१ मध्ये जाहीर केलं, आपल्या आयआयटींचं ऑनलाइन लेक्चरांचं एनपीटीईएलही वीसेक वर्षं जुनं आहे. खरं सांगू का, तिथल्या काही प्रोफेसरांपेक्षा एनपीटीईएलवरचे सर जास्त छान समजावतात. जर्मनीत मी ज्यांच्याकडे थिअरी शिकले, ते खाली मान घालून, फळ्याशीच बोलल्यासारखे बोलायचे. हॉलमध्ये तीनशेच्या वर मुलं, हजेरी नाही, कोण आलं कोण गेलं याची विचारपूस नाही. तुमच्या सत्तरच्या वर्गात त्यांना उभं केलं तर पहिल्या दहा मिनिटांत मागचे बाक रिकामे होतील. म्हणून प्रोफेसर तिकडचा हुशार आणि आपला कमी, असं मी लिहिलेलं नाही आणि मला तसं वाटतही नाही. फरक वर्गाच्या बाहेर होता.

उदाहरण देते, तुमच्याच विषयातलं. एनपी-कम्प्लीट. (कॉम्प्युटरला झटपट सोडवता येणारे प्रश्न म्हणजे पी, समोर ठेवलेलं उत्तर झटपट तपासता येतं असे प्रश्न म्हणजे एनपी, आणि एनपीतले सगळ्यात अवघड ते एनपी-कम्प्लीट.) आपल्या पेपरात प्रश्न येतो: ‘एनपी-कम्प्लीट म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा’, आठ मार्क. व्याख्या लिहायची, एकात एक गोल काढून पी, एनपी असं लिहायचं, ही कल्पना मांडणाऱ्या कुक यांचं नाव आणि १९७१ साल टाकायचं, सहा मार्क कुठे जात नाहीत. मीही असेच मिळवले. तिथे त्याच विषयावरचा प्रश्न कसा असतो, तो जळगावात आणून सांगते. शहराचा नकाशा आहे. आकाशवाणी चौक, कोर्ट चौक, इच्छादेवी चौक, असे सगळे चौक म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे रेषा. पोलिसांना चौकांत कॅमेरे बसवायचे आहेत, असे की प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला कॅमेरा असेल. अमुक इतक्या कॅमेऱ्यांत भागेल का? चौक आणि रस्ते कितीही असले तरी याचं उत्तर झटपट काढणारी युक्ती सापडली, तर एनपीमधल्या सगळ्याच प्रश्नांना ती सापडेल, हे सिद्ध करा. एवढाच प्रश्न. त्यात व्हर्टेक्स कव्हर हे या प्रश्नाचं पुस्तकी नाव कुठेही नसतं. संगणकशास्त्रज्ञ कार्प यांनी १९७२ मध्ये जे २१ प्रश्न एकमेकांत गुंफून दाखवले त्यातला हा एक आहे, हे तुमचं तुम्ही ओळखायचं आणि मग ३-सॅट या आधीच एनपी-कम्प्लीट ठरलेल्या प्रश्नापासून तिथपर्यंतचा रस्ता स्वतः बांधायचा. नुसती व्याख्या लिहिलीत तर शून्य. आकृती कितीही सुबक असली तरी शून्य.

अशी चार-पाच प्रश्नांची शीट दर आठवड्याला. ‘यूबुंग’ म्हणतात तिला. फायनल मार्कांत तिचा बहुतेक वेळा काही वाटा नसतो, पण माझ्या कोर्सला सेमिस्टरभरात निम्मे गुण जमले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नव्हतं. शीट दोघांत मिळून द्यायची. आणि आठवड्याच्या तासाला तुमच्यापैकी एकाला फळ्यावर बोलावून विचारतात, हे सोडवलंय ना, मग दाखवा. कॉपी करून आणलेली शीट तिथे दोन मिनिटं टिकत नाही, मग ती शेजाऱ्याची असो नाहीतर चॅटजीपीटीची.

आता तुमच्या सत्तरच्या आकड्याकडे येते, कारण खरी गोष्ट इथे आहे. तीनशे मुलांच्या शीट दर आठवड्याला तपासतं कोण? प्रोफेसर नाही. ते तर फारसे भेटतही नाहीत. तपासतात वरच्या सेमिस्टरची मुलं. वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्याला एक ट्यूटर, आणि ट्यूटर म्हणजे गेल्या वर्षी हाच कोर्स चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी. त्याला विद्यापीठ तासावर पैसे देतं. तिथलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, त्याच्या जरा वर समजा. तिसऱ्या सेमिस्टरला मीही ट्यूटर होते. दुसऱ्याची चुकलेली सिद्धता वाचून नेमकी कुठल्या ओळीला घसरली ते शोधायचं, तेही लाल शाईने खाली लिहून द्यायचं, यात माझी थिअरी पक्की झाली. पगार मिळाला तो वेगळाच.

आपल्या विद्यापीठांत कमवा व शिका योजना आहे, सर. त्यात पोरं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, ऑफिसात एन्ट्र्या करतात, बागेला पाणी घालतात. त्याच योजनेत बीईच्या शेवटच्या वर्षाची पाच पोरं सेकंड इयरच्या शीट तपासायला का बसवू नयेत? सत्तर मुलं म्हणजे पस्तीस जोड्या. एका ट्यूटरच्या वाट्याला आठवड्याला सात शीट. याला जर्मनी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत दाखवायलाही बरं दिसेल.

मला माहीत आहे, तुमच्यावर काय काय आहे. निम्मा स्टाफ तासिका तत्त्वावर, पगार महिनोन् महिने रखडलेला, त्यात फायली, अॅडमिशनच्या काळात गावोगाव हिंडणं. पण जर्नलचं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीचं, काय करायचं? माझ्या कॉलेजात (नाव घेत नाही, कारण बाजूच्या कॉलेजात वेगळं होतं असं नाही) सबमिशनच्या आठवड्यात एका मुलीचं जर्नल आख्ख्या बॅचने उतरवलं. आउटपुटसुद्धा तिचंच, तिच्या चुकीच्या स्पेलिंगसकट. सगळ्यांना सही मिळाली. शिकवणाऱ्यांचं ज्ञान कमी होतं म्हणून हे झालं नाही. कुणीच वाचत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून झालं. माझं जे वाक्य तुम्हाला लागलं ते याबद्दल होतं, आणि ते मी मागे घेत नाही.

परीक्षेबद्दल एकच. निकालानंतर तिथे एक दिवस ठरतो, त्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर बघता येतो. अर्ज नाही, फोटोकॉपीची फी नाही. शेजारी असिस्टंट बसलेला असतो, त्याच्याशी वाद घालता येतो. पण उलट बाजूही ऐका. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्याकडे विषय बॅक राहतात, वायडी होतं म्हणजे वर्ष वाया जातं, तरी पोरगं कधीतरी पास होऊन निघतं. तिथून ते तसंच परत येतं, कर्ज घेऊन.

आणि आता शेत. इथे तुमचा राग मला सगळ्यात जवळचा वाटला, म्हणून आकडे देते.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोंच्या आसपास वर्गणी असते, तिच्यात बऱ्याचदा बस-रेल्वेचा पासही येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला चार ते सहा हजार युरो लावले, तेही सेमिस्टरला. पण फीपेक्षा मोठा घास ब्लॉक अकाउंटचा. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे, २०२५ च्या हिशेबाने ११,९०४ युरो, आधी खात्यात टाकून दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ युरोच सुटतात. दुसऱ्या वर्षी तिथे राहण्याचा परवाना वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. हे कन्सल्टंट सांगत नाही. तो खाजगी विद्यापीठाचं नाव लवकर पुढे करतो, कारण कमिशन तिथून येतं.

शेत विकायचं म्हणाल, तर बँक ते गहाणसुद्धा घेत नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शिक्षण कर्जाला सहसा तारण मागतात, आणि थकलेल्या कर्जापायी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याने शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, म्हणून बँकेला हवा असतो बिगरशेती प्लॉट नाहीतर घर. आमची चोपडा तालुक्यातली केळीची बाग बघून मॅनेजर साहेबांनी चहा पाजला आणि घराचा उतारा मागितला. घर तारण ठेवलं. आई वर्षभर कुणाशी त्याबद्दल बोलली नाही. गावातल्या एक काकू मात्र अजून विचारतात, "जर्मनीमा काय शिकी उनी वं माय?"

म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगते: पार्टटाइम कामाच्या भरवशावर हप्ता फेडायचा बेत असेल तर जाऊ नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यात तुमचं खाणं आणि भाडं निघेल, घरचं कर्ज नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, पण इंग्रजीतून शिकलं तरी नोकरी बऱ्याच ठिकाणी जर्मन मागते. ती भाषा जाण्याआधी, इथेच सुरू करावी. हे सगळं ऐकून काही पोरं परत फिरतात. फिरू देत. त्यांना मी नापास समजत नाही. जे जातात त्यांच्या बापांना मात्र हे आकडे आधी कळायला हवेत, आणि ते कळावेत म्हणूनच मी लिहिते.

राहिली शीट. ऑटोमाटा आणि अल्गोरिदमवरच्या सहा शीट मी मराठी-इंग्रजीत स्वतः तयार केल्या आहेत. कॅमेऱ्यांचा प्रश्न चौथीत आहे. दिवाळीत मी चोपड्याला असेन. तुम्ही प्राचार्यांची परवानगी काढा आणि शेवटच्या वर्षाची पाच पोरं निवडून ठेवा. शीट कशी तपासायची, ते मी एका दुपारी येऊन दाखवते. पोरं मात्र टॉपर नकोत. ज्यांना दुसऱ्याला समजावायची खाज आहे अशी द्या. मानधनाचं कमवा व शिकातून जमतं का, ते ऑफिसला विचारून ठेवाल का?